अल्वेरीन, अमरावती रोड

आपल्या पत्नीच्या मालकीचा बत्तीस एकरांचा द्राक्षमळा आहे, ही बातमी केशवराव हरकऱ्यांना कळली तेव्हा ते पोहे खात होते. बातमी त्यांना कोणी मुद्दाम सांगितली नव्हती. उत्तराबाई फोनवर बंगलोरच्या लेकीशी बोलत होत्या, ते कानावर पडलं. "अगं वेदिका, तळघराचं छप्पर झालं एकदाचं. आता पूर्वेच्या उतारावर नवीन वेली लावीन म्हणते. ऑर्लिन म्हणतो, पाऊस होऊ द्या आधी. पटलं मला त्याचं."

केशवरावांचा घास हातातच राहिला. पाटबंधारे खात्यात सदतीस वर्षं काढून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला स्थावर मालमत्तेबद्दल जात्याच आदर असतो. शिवाय हा ऑर्लिन कोण, हाही मुद्दा होताच.

चौकशीत जे निघालं ते असं. दिवाळीच्या सुमारास उत्तराबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पडून पडून आई कंटाळेल म्हणून, तेव्हा बंगलोरहून आलेल्या वेदिकाने आपलं गेम खेळायचं यंत्र टीव्हीला जोडून दिलं आणि आईला बटणं शिकवली. त्या खेळात एक वैदीण असते. ती नदीतल्या ड्रॅगनचा ताप उतरवते, आणि तिथला राजा खूश होऊन तिला एक ओसाड पडलेला द्राक्षमळा बक्षीस देतो. त्याचं नाव अल्वेरीन. यानंतर खरं तर वैदिणीने किल्ल्यात कोंडलेल्या राजकन्येला सोडवायला जायचं असतं. पण उत्तराबाई पडल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या. मळ्याचा उतार, माती आणि पाण्याची दिशा बघितल्यावर त्यांनी तिथेच मुक्काम ठोकला. राजकन्या जानेवारी उजाडला तरी किल्ल्यातच होती. ऑर्लिन म्हणजे मळ्याचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा कारभारी.

मालमत्ता काल्पनिक आहे हे कळल्यावर केशवरावांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारण चार वाजताचा चहा. लग्न झाल्यापासून, सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्तीनंतर रोज, दोघं चार वाजता गॅलरीत चहा घ्यायची. केशवराव पेपरातली एखादी बातमी वाचून तिच्यावर आपलं मत देत, उत्तराबाई ऐकत. आता उत्तराबाईंचा चहा टीव्हीसमोर होई. गॅलरीतली दुसरी खुर्ची रिकामी असे, आणि तिच्यावर धूळ बसायला लागली होती. केशवरावांनी गॅलरीतून मोठ्याने बातमी वाचून पाहिली. उत्तर आलं, "हं." ते एकटे पडले होते. आणि साठी उलटलेल्या पुरुषाने बायको एका दाढीवाल्या चित्रामुळे आपल्याशी बोलत नाही, हे कोणाला सांगायचं?

इथे केशवरावांविषयी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ते हुकूमशहा वगैरे नव्हते. घरातला प्रत्येक निर्णय त्यांनी अभ्यास करून घेतला होता. सोफ्याचा रंग, वेदिकाची शाळा, सहलीचं ठिकाण, उत्तराबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख, सगळ्यांच्या वेगवेगळ्या फायली होत्या. अभ्यास पुरा झाला की ते निर्णय घरात जाहीर करत. उत्तराबाई "बरं" म्हणत. या "बरं"ला केशवराव संमती समजत आणि फायलीला दोरी बांधत.

म्हणून आठवडाभर विचार करून त्यांनी जो निर्णय घेतला तो त्यांच्या रीतीला धरूनच होता. अठ्ठावीस एप्रिलला उत्तराबाईंना साठ वर्षं पूर्ण होणार होती. अमरावती रोडवर, वाडीच्या पुढे, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे हरकऱ्यांचा एक प्लॉट पडून होता. नागपुरात प्रत्येक नोकरदाराचा असा एक प्लॉट असतो. तो उमेदीच्या काळात घेतात, एकदा बघतात आणि मग आयुष्यभर त्याच्याबद्दल बोलतात. बायकांच्या नावाने नोंदणी सोयीची पडते म्हणून हा उत्तराबाईंच्या नावावर होता. त्या प्लॉटवर अल्वेरीन उभं करायचं. वाढदिवशी बायकोला तिथे न्यायचं आणि म्हणायचं, घे, हा खरा. मग ती टीव्हीसमोरून उठेल. प्लॉटवर दोन खुर्च्या टाकता येतील.

त्यांनी वेदिकाला गुपचूप फोन करून मळ्याची चित्रं मागितली.

"बाबा, आधी आईला विचारा ना," वेदिका म्हणाली.

"सरप्राइज कोणी विचारून देतं का?"

"तसं नाही हो. पण विचारा."

केशवरावांनी "बरं" म्हटलं. या घरात "बरं"चा खरा अर्थ काय होतो, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही.

बत्तीस एकर तीन हजार चौरस फुटांत बसवायचे म्हणजे प्रमाण काढावं लागतं. ते त्यांनी काढलं. दोन बुरुजांची पांढरी कमान, आत वेलींच्या रांगा, मधोमध दगडी बगळा असलेलं कारंजं, एक तळघर, आणि संध्याकाळी वेलींवर चमकणारे काजवे. कमान बांधायची तर परवानगी लागेल, म्हणून ते एका कार्यालयात गेले. कोणत्या, ते सांगण्यात अर्थ नाही. सगळी सारखीच असतात. खिडकीमागच्या बाबूने अर्ज वाचला.

"प्रयोजनापुढे काय लिहिलं हे? कल्पित इस्टेटीची प्रतिकृती?"

"होय."

"मूळ इस्टेट कोणत्या मौज्यात आहे?"

"ती खेळात आहे. राज्यच काल्पनिक आहे."

बाबूने थोडा विचार केला. "मग परराज्य लिहा. आणि मूळ मालकाचं ना हरकत पत्र जोडा."

दुसरा कोणी असता तर भडकला असता. केशवरावांना मात्र भरून आलं. त्या जागी ते असते तर त्यांनीही हेच मागितलं असतं. सदतीस वर्षांत त्यांनी साहेबांच्या टेबलावर एकही कागद "आदेशार्थ सादर" असं लिहिल्याशिवाय ठेवला नव्हता. साहेबांना लगेच निर्णय घ्यायचा नसला की कागदावर "चर्चा करावी" असा शेरा पडून तो परत येई. हा शेरा दिसला की बाकीचे कपाळाला हात लावत. केशवरावांना तो मनापासून आवडे, कारण त्यानिमित्ताने साहेबांसमोर खुर्चीवर बसायला मिळे, वही उघडता येई, आणि चहा येई. असो. त्यांनी अर्जावर "परराज्य" लिहिलं, मळ्याच्या रंगीत चित्रांवर "सत्यप्रत" म्हणून सह्या केल्या आणि पोच घेतली. पोच मिळाली म्हणजे निम्मं काम झालं, असं ते मानत आले होते.

शेजारच्या बापूजींना बातमी लागायला वेळ लागला नाही. बापूजी रेल्वेतून निवृत्त झालेले. आपल्याला काही विचारण्याचा त्रास ते लोकांना देत नसत. "केशवराव, नागपूरले द्राक्षं? पागल झाले का गा तुम्ही? संत्रा लावा, सीधी बात आहे."

"त्या खेळात द्राक्षंच आहेत, बापूजी."

"मग टेंशन नका घेऊ. कूलर लावा. मे महिन्यात माणूस कूलरमंदी जगते, तर वेल काहून नाही जगणार?"

आता हे वाक्य नागपूरबाहेर कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं. पण नागपूरकराचा कूलरवर जो विश्वास आहे तो देवावरच्या विश्वासाच्या फार मागे नाही. केशवरावांना मुद्दा बिनतोड वाटला.

कामावर त्यांनी धोंडबाला ठेवलं. धोंडबा पूर्वी हिंगण्याच्या एका कारखान्यात होता, आता बागकाम, गवंडीकाम, जे मिळेल ते करायचा. नाशकाहून चाळीस रोपं मागवली. ती ट्रान्सपोर्टने येऊन वाडीच्या एका गोदामात सायकलच्या टायरांखाली पाच दिवस पडून राहिली, म्हणून हाती सव्वीस लागली. मार्चमध्ये त्यांतली आणखी चौदा गेली. उरलेल्या बारांवर हिरवी नेट ताणली आणि दोन बाजूंना दोन मोठे कूलर बसवले, वाळ्याच्या नव्या ताट्या लावून. पहिल्या दिवशी कूलर सुरू झाला तेव्हा वेलींची पानं मजेत हलली. धोंडबा बाहेर उन्हात कुदळ धरून उभा होता.

"साहेब," तो म्हणाला, "द्राक्षाले कूलर, आन् मले झाडाची सावली बी नाई. पुढच्या जन्मी वेलच होतो मी."

केशवरावांनी त्याचं स्टूल आत घ्यायला सांगितलं. एवढं मन त्यांना होतं.

बगळ्याचं तसंच झालं. मूर्तिकाराला चित्र दिलं होतं, माप दिलं होतं, चोच किती लांब तेही लिहून दिलं होतं. महिन्याने टेम्पोतून सिमेंटचे दोन पांढरे राजहंस उतरले, एकमेकांच्या माना गुंफलेले. मूर्तिकार म्हणाला, बगळ्याचा साचा नाही, सगळीकडे हेच चालतात. परत पाठवायचे तर उचलायला सहा माणसं लागणार होती. केशवराव बराच वेळ हंसांकडे बघत राहिले आणि शेवटी पक्षी तो पक्षी म्हणून त्यांनी ते कारंज्यात बसवले. काजव्यांसाठी वेलींवर छोट्या दिव्यांच्या माळा सोडल्या. तळघराचा खड्डा कमरेइतका खोल गेला आणि काळी माती ढासळायला लागली, तेव्हा तो तेवढाच ठेवला. कमानीवर रंगाऱ्याकडून मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहून घेतलं: अल्वेरीन.

आता ज्याने नागपूरच्या कोणत्याही बाजूचा रस्ता पाहिला आहे त्याने डोळ्यांसमोर आणावं. पांढरी कमान, सोनेरी परदेशी नाव, आत हिरवी नेट, दिव्यांच्या माळा, कारंज्यात राजहंसांची जोडी, आणि दोन मोठे कूलर. याला काय म्हणतात? येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ट्रकड्रायव्हरला ते कळत होतं. कळत नव्हतं ते एकट्या केशवरावांना, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे मूळ नकाशा होता.

वेलींना द्राक्षं यायला अजून निदान एक वर्ष होतं, आणि वाढदिवस चार दिवसांवर आला. तेव्हा केशवराव पहाटे कळमन्याच्या बाजारात गेले आणि द्राक्षांची एक पेटी घेऊन आले. घोस वेलींना बांधायचे, ही योजना. अठ्ठावीसला ताजी आणायचीच होती, ही रंगीत तालीम. बांधायला दोरा म्हणून त्यांनी उत्तराबाईंच्या शिवणाच्या डब्यातलं हिरवं रीळ खिशात घातलं होतं. ते धोंडबाच्या स्टुलावर चढून घोस बांधत होते आणि धोंडबा खालून पेटीतले घोस देत होता, तेवढ्यात कमानीत एक मोटरसायकल थांबली. पांढरा सदरा, कपाळावर घाम, हातात पत्रिकांची पिशवी.

"साहेब, अठ्ठावीस तारीख खाली हाये का?"

"कशासाठी?" केशवरावांनी वरूनच विचारलं.

"लगनासाठी जी. मी चंद्रभान. कोंढाळीकडं संत्र्याचा बगीचा हाये माहा. पोरीचं लगन हाये, मिनलचं. लगनाचा लॉन बुक केला होता, त्याले काल सील लागलं. पत्रिका वाटून झाल्या, पावणे निंगाले, आन् आता सारे लॉन बुक हायेत. सकाळधरून फिरून रायलो मी."

"हा लॉन नाही. हा द्राक्षमळा आहे."

चंद्रभानने हंसांकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, दोऱ्याने बांधलेल्या घोसांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तो स्वतः बागायतदार होता. पण अडचणीतल्या माणसाने काही गोष्टी बघायच्या नसतात. "असू द्या ना साहेब. नाव काईबी असू द्या. माह्या साळ्याचं लगन तर स्वित्झर्लंडमंदी झालं, नाक्यावरच्या."

"अहो, लॉन नाही म्हणतो ना! ही एका इस्टेटीची प्रतिकृती आहे. माझ्या पत्नीसाठी." केशवरावांचा आवाज चढला होता. तीन महिने उन्हात करपून, सत्यप्रतींवर सह्या करून आपण जे उभं केलं ते मंगल कार्यालय दिसतं, हे माणसाला एका दमात पचत नाही.

त्याच वेळी एक ऑटो येऊन थांबला, आणि काठी टेकत उत्तराबाई उतरल्या. त्यांच्या हातात एक सरकारी लिफाफा होता.

केशवरावांनी स्टुलावरून उतरायचा विचार केला, पण हातात अर्धवट बांधलेला घोस होता. "सरप्राइज," ते म्हणाले.

उत्तराबाईंनी चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं वाचलं. "सौ. उत्तरा केशव हरकरे यांस. आपण आपल्या निवासी भूखंडावर विनापरवाना लग्नाचे लॉन उभारल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा." त्यांनी कागदाची घडी घातली. "मी लॉन काढलंय म्हणे. मलाच माहीत नाही."

मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. कमान बघितली, खड्डा बघितला. "हे अल्वेरीन आहे का?"

"ओळखलंस!"

"वर लिहिलंय. बगळा कुठे आहे?"

"साचा नव्हता."

"आणि माझं रीळ घेतलंत."

"ते परत ठेवणार होतो."

उत्तराबाईंनी कागद लिफाफ्यात परत घातला. "हे सगळं कोणाला विचारून केलंत?"

या प्रश्नाचं उत्तर केशवरावांकडे तयार होतं, कारण फाइल पक्की होती. "बापूजींना विचारलं. कार्यालयात विचारलं, पोच आहे. मूर्तिकाराला विचारलं, धोंडबाला विचारलं, वेदिकाला..." इथे त्यांची जीभ अडखळली. यादीत एक नाव राहिलं होतं. स्टुलावर उभं राहून अशी गोष्ट लक्षात येणं फार वाईट, कारण सगळ्यांना आपला चेहरा दिसतो.

"मला द्राक्षं सोसत नाहीत," उत्तराबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. "घसा धरतो. लग्न झाल्यापासून धरतो."

"मग तो मळा? चार-चार तास?"

"तिथे रोज सकाळी तो म्हातारा कंदील घेऊन दारात येतो आणि विचारतो, बाईसाहेब, आज काय करायचं? मी सांगते, आणि मग तसं होतं. तेवढ्यासाठी जाते मी तिथे. मळा वांग्यांचा असता तरी गेले असते."

धोंडबाने मान दुसरीकडे वळवली. केशवरावांच्या हातून घोस सुटला आणि दोऱ्याला लोंबकळत राहिला. त्यांना वाईट वाटलं. तीन महिन्यांच्या खटाटोपाचं नव्हे, त्याआधीच्या सगळ्या फायलींचं.

चंद्रभान चांगला माणूस होता, पण त्याच्याकडे वेळ नव्हता. तो दोन पावलं पुढे आला. "बाई, म्हंजे जागा तुमची हाये?"

"कागदावर."

"मंग तुमीच सांगा. अठ्ठावीसले लगन होते का इथं? नाई म्हना, मी पुढं जातो. पन कोन्तरी सांगा वं मले."

उत्तराबाईंनी सवयीने नवऱ्याकडे बघितलं. केशवरावांच्या ओठांवर निर्णय आलेला होता, कारणांसकट: नोटीस आहे, खुलासा व्हायचा आहे, जागा अपुरी आहे. तो त्यांनी गिळला. इतकी कडू वस्तू त्यांनी आयुष्यात गिळली नव्हती.

"जागा तिची आहे," ते म्हणाले आणि स्टुलावरून खाली उतरले.

उत्तराबाई सावकाश त्या स्टुलावर बसल्या. काठी पायाशी ठेवली. "मुहूर्त कितीचा?"

"सकाळचा, धा वीसचा."

"मग मांडव इथे नको, ऊन तोंडावर येईल. पूर्वेला गोदामाची भिंत आहे, अकरापर्यंत सावली तिथे राहते. तिकडे घाला. नेटखाली पंगत. धोंडबा, ते कूलर वेलींकडून काढा आणि पंगतीकडे वळवा. वेलीला कूलर कोणी सांगितला?"

"बापूजीनं," धोंडबा घाईने म्हणाला.

"आणि पैसे घ्यायचे नाहीत कोणी. घरचं लग्न समजायचं."

चंद्रभानने डोळे पुसले. घाम होता की काय होतं, ते त्याचं त्याला माहीत.

पुढचे चार दिवस केशवराव वही घेऊन उत्तराबाईंच्या मागे होते. पहिल्यांदा "पाण्याची पिंपं कुठे ठेवायची?" असं विचारताना त्यांचा आवाज चिरकला, आणि आपण काय ऐकलं याची खात्री करायला उत्तराबाईंनी त्यांना पुन्हा विचारायला लावलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. तिसऱ्यांदा त्यांना जाणवलं की पिंपं कुठे ठेवायची ही चिंता आता आपली नाही, आणि रात्री झोप बरी लागली.

अठ्ठावीसला सकाळी आचाऱ्याने तो अर्धवट खड्डा बघितला आणि म्हणाला, असली भट्टीची जागा त्याने उभ्या विदर्भात पाहिली नाही, वारा बिलकूल लागत नाही. तळघरात अशा रीतीने वांग्याची भाजी शिजली. वऱ्हाडातल्या पोरांनी बांधलेले घोस दोऱ्यासकट ओढून खाल्ले. चार दिवस उन्हात टांगलेले असल्याने त्यांचे निम्मे मनुके झाले होते, तेही खाल्ले. मिनल प्रत्येक विधीच्या आधी उत्तराबाईंकडे बघायची, त्यांनी मान हलवली की पुढे व्हायची. आणि लोक येतच होते. ताई, रुखवत कुठं मांडू? मावशी, बँडवाले कुठं बसवू? काकू, नवरदेवाची गाडी हंसापाशी लावू का? प्रत्येकाला उत्तर मिळत होतं. गुडघ्याचं दुखणं त्या दिवशी कुठे गेलं होतं कोण जाणे.

अकराच्या सुमारास तो खिडकीमागचा बाबू स्थळपाहणीला आला. केशवराव फाइल घेऊन धावले, पण चार पावलांवर थांबले आणि त्यांनी त्याला उत्तराबाईंकडे नेलं.

"घरचं लग्न आहे," उत्तराबाई म्हणाल्या. "बसा, जेवून जा."

"नवरीशी नातं काय आपलं?"

"मावसबहीण हाये माही," चंद्रभान मधेच म्हणाला. बाबूने दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं, मग वाढून आलेल्या पानाकडे बघितलं आणि तो बसला. जिलबीपर्यंत आल्यावर त्याने हळूच विचारलं, "बाई, हे अल्वेरीन नेमकं आहे कुठं? फाइलीत परराज्य एवढंच लिहिलंय."

उत्तराबाईंनी त्याला नीट समजावून सांगितलं. उत्तरेला नदी, पूर्वेला उतार, माती चुनखडीची, पावसाळा उशिरा. त्याने सगळं लिहून घेतलं. जाताना शेरा दिला: सदर ठिकाणी कौटुंबिक समारंभ आढळून आला.

वरात दुपारीच निघाली. मिनल पाया पडली, चंद्रभानने संत्र्यांची पेटी ऑटोत ठेवली, आणि आज आपल्याला साठ वर्षं पूर्ण झाली हे उत्तराबाईंनी कोणालाही सांगितलं नाही. केशवरावांनी परतताना एवढंच म्हटलं, "दमलीस?"

"खूप," उत्तराबाई म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्या त्यांच्याकडे बघून हसल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता टीव्ही सुरू होता. ऑर्लिन कंदील घेऊन दारात उभा होता. उत्तराबाई हातात बटणांचा तो ठोकळा धरून बसल्या होत्या, पण अजून काही दाबलं नव्हतं. केशवराव आले आणि त्यांनी त्यांच्यासमोर फुलस्केपचा एक कागद ठेवला. अक्षर वळणदार, समास डावीकडे, जसा असायला हवा तसा.

विषय: अमरावती रोडवरील भूखंडाचे पुढे काय करावे. वेली बारा, पैकी जिवंत नऊ. हंस दोन, सुस्थितीत. तळघर अपूर्ण, भट्टीस योग्य. सदर जागेवर काय लावावे, अथवा काहीच लावू नये, याबाबत या पातळीवर कोणतेही मत नाही. आदेशार्थ सादर.

वर मालकीण म्हणून उत्तराबाईंचं नाव होतं, खाली केशवरावांची सही. सहीची जागा मालकिणीच्या नावाच्या बरीच खाली होती.

उत्तराबाईंनी कागद दोनदा वाचला. "पेन द्या," त्या म्हणाल्या. त्या स्वतः शाळेतल्या, पण इतकी वर्षं एका कारकुनाच्या घरात राहिल्या होत्या. कुठल्या शेऱ्याने त्या माणसाचं काय होतं, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी समासात दोन शब्द लिहिले, कागद परत दिला, टीव्ही बंद केला, आणि काठी घेऊन गॅलरीकडे निघाल्या.

केशवरावांनी शेरा वाचला. चर्चा करावी.

त्यांनी कागद फाइलीत लावला. मग गॅलरीतली दुसरी खुर्ची पंच्याने पुसली, वही काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवायला घेतलं. आल्याचा तुकडा हातात घेतला आणि थबकले.

"अगं," त्यांनी आतून विचारलं, "आलं घालू का?"

गॅलरीत बहुतेक प्रश्नाचा विचार चालला असावा.

"घाला," उत्तराबाई म्हणाल्या. "पण ठेचून. किसून नको."

केशवरावांनी आधी ते वहीत टिपून घेतलं, आणि मग गॅस पेटवला.